सेक्स्टंट कोन देतो, जागा देत नाही: मधल्या हिशोबाच्या नळीबद्दल

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. उपग्रहांचे सिग्नल दाबले जाणे, जहाजांना पडद्यावर खोटीच जागा दिसणे, या बातम्या आता मराठी वाचकाला नव्या राहिलेल्या नाहीत. त्यांवरच्या लेखांत शेवटी एक वाक्य हटकून येते: सेक्स्टंट जवळ असला की सूर्य-ताऱ्यांवरून नाविकाला आपली जागा कळते. हे वाक्य अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

सूर्य क्षितिजापासून ४१ अंश वर आहे, एवढेच सेक्स्टंट सांगतो. तिथून नकाशावरच्या रेघेपर्यंत जायला एक गोलीय त्रिकोण, म्हणजे गोलाच्या पृष्ठावरचा त्रिकोण, सोडवावा लागतो. मोठ्या जहाजावर त्यासाठी टेबल असते, दिवा असतो, आकडे तपासायला दुसरा माणूस असतो. तीस फुटी शिडाच्या नौकेवर यांतले काही नसते. माणूस ओला, झोप अपुरी, आणि कागद मांडीवर. अशा वेळी हिशोब जितका कमी आकड्यांचा, तितका तो बरोबर येण्याची शक्यता जास्त. म्हणून छोट्या नौकेसाठी यांत्रिक गणनसाधनाचे महत्त्व आम्ही सेक्स्टंटच्या बरोबरीचे मानतो. त्यातले सर्वात चांगले साधन शेतातल्या पाईपच्या तुकड्यावर बनवता येते.

आधी पद्धत थोडक्यात. फ्रेंच नौदलातील मार्क सां-इलेर यांनी १८७५ मध्ये मांडलेली ही रीत आजही चालते. आपली अंदाजी जागा धरायची. त्या जागेवरून त्या क्षणी सूर्य किती उंच दिसायला हवा ते काढायचे. मग मोजलेली उंची तिच्याशी ताडायची. फरकाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. मोजलेली उंची जास्त निघाली तर आपण सूर्याच्या दिशेने तितके मैल पुढे आहोत. तिथे सूर्याच्या दिशेला काटकोनात रेघ ओढायची. आपण त्या रेघेवर कुठेतरी आहोत. काही तासांनी दुसरी रेघ मिळाली की छेदनबिंदू ही आपली जागा. नाविक पंचांगातून सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे) आणि होराकोन (माध्यान्हीच्या जागेपासून तो किती अंश पूर्वेला वा पश्चिमेला आहे) मिळतात, अक्षांश आपण धरलेला असतो. काढायचे असतात ते दोन आकडे: उंची आणि दिगंश, म्हणजे क्षितिजावर सूर्य कोणत्या दिशेला आहे तो कोन.

हे आकडे छापील कोष्टकांतून काढता येतात, पण उंची-दिगंशांच्या कोष्टकांचे जाड खंड एकेक पंधरा अंश अक्षांशांपुरते असतात आणि ओले झाले की फुगतात. इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर चांगलाच, खारे पाणी आत शिरेपर्यंत. साधी २५ सेंटिमीटरची स्लाईड रूल, म्हणजे लॉगरिथमी खुणांच्या पट्ट्या सरकवून गुणाकार-भागाकार करण्याचे साधन, मात्र इथे कमी पडते, आणि का कमी पडते हे समजले की पुढचे सगळे समजते. टॅनच्या लॉगरिथमी पट्टीवर सर्वात दाट जागा ४५ अंशांपाशी असते. तिथे एक कला म्हणजे दशकाच्या लांबीचा सुमारे चार हजारावा भाग. दशक म्हणजे पट्टीवरचे १ ते १० एवढे अंतर. ते २५ सेंटिमीटर असेल तर एका कलेला ०.०६ मिलिमीटर मिळतो. डोळा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या खाली भरवशाने वाचत नाही. म्हणजे एका वाचनात दोन-तीन मैलांची चूक, आणि अशी वाचने तीन.

एका कलेला अर्धा मिलिमीटर हवा असेल तर दशक जवळजवळ दोन मीटरचे लागते. १ अंश ते ८९ अंश हा टॅनचा पल्ला साडेतीन दशकांचा आहे, म्हणजे पट्टी सात मीटरची झाली. सात मीटरची पट्टी नौकेवर कोण ठेवणार? ती नळीवर मळसूत्रासारखी गुंडाळायची. ब्रिटिश हवाई खात्यातील कॅप्टन एल. सी. बायग्रेव्ह यांनी १९२० च्या दशकात हेच केले. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९३१ मध्ये छोट्या विमानातून एकट्याने न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे टास्मान समुद्र ओलांडला, तेव्हा मधली इवलीशी बेटे शोधताना हिशोबाला त्यांच्याजवळ हीच नळी होती. एका हाताने विमान सांभाळत जो हिशोब होऊ शकला, तो सुकाणूजवळ बसूनही होतो.

बायग्रेव्ह यांची खरी हुशारी गुंडाळण्यात नाही, सूत्राच्या निवडीत आहे. नेहमीचे साइन-कोसाइनचे सूत्र दोन गुणाकारांची बेरीज मागते, आणि लॉगरिथमी पट्टीवर बेरीज होत नाही. त्यांनी ताऱ्यापासून याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशांना डोक्यावरून जोडणाऱ्या वृत्तावर, लंब टाकला. त्यामुळे एका त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण झाले आणि सगळे काम गुणाकार-भागाकारावर आले. अकरावी विज्ञानच्या मुलाला समजेल असे तीन टप्पे आहेत. पहिला, लंबपादाची (लंब वृत्ताला जिथे मिळतो त्या बिंदूची) क्रांती: तिचा टॅन = क्रांतीचा टॅन ÷ होराकोनाचा कॉस. ती लंबांशात, म्हणजे ९० वजा अक्षांश यात, मिळवायची. आपण उत्तर गोलार्धात आणि सूर्य दक्षिण क्रांतीचा असेल तर वजा करायची. ही झाली लंबपादाची उंची. दुसरा टप्पा, दिगंशाचा टॅन = होराकोनाचा टॅन × लंबपादाच्या क्रांतीचा कॉस ÷ लंबपादाच्या उंचीचा कॉस. तिसरा, सूर्याच्या उंचीचा टॅन = लंबपादाच्या उंचीचा टॅन × दिगंशाचा कॉस. तिन्ही उत्तरे टॅनच्या पट्टीवर वाचायची असतात. कॉसच्या पट्टीवर ० ते ५ अंशांची सगळी गर्दी तीन-साडेतीन मिलिमीटरात होते, पण तिथे कधी उत्तर वाचायचेच नसते, फक्त आकडा लावायचा असतो; आणि तिथे कॉस इतका हळू बदलतो की लावताना थोडे चुकले तरी बिघडत नाही.

आता पाईप. मराठवाड्यात विहिरीपासून शेतापर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या पीव्हीसी पाईपांत ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा एक माप आहे. त्याचा परीघ १९७.९ मिलिमीटर. दहा वेढ्यांचे एक दशक घेतले तर १९७९ मिलिमीटर, म्हणजे आपल्याला हवे तेच. टॅनच्या पट्टीला ३५.२ वेढे लागतात; दोन वेढ्यांत ६ मिलिमीटर अंतर ठेवले तर पट्टीची उंची २११ मिलिमीटर. १९८ बाय २११ चा कागद ए-फोरमध्ये बसतो! मळसूत्र काढायची गरज नाही. सपाट कागदावर तिरक्या रेघा छापायच्या, प्रत्येक रेघ उजवीकडे पोचेपर्यंत ६ मिलिमीटर खाली येईल अशी. कागद गुंडाळला की एका रेघेचे शेवट दुसरीच्या सुरुवातीला जुळते. कोणत्या कोनाची खूण कुठे, याचे सूत्र: वेढा = १० × (त्या कोनाच्या टॅनचा लॉग − १ अंशाच्या टॅनचा लॉग). ४५ अंशांची खूण १७.५८ व्या वेढ्यावर येते, म्हणजे सतरा पूर्ण वेढे आणि पुढच्या रेघेवर ११५ मिलिमीटर. कॉसच्या पट्टीला १७.६ वेढे पुरतात, तिची उंची १०६ मिलिमीटर. तिची ०° ची खूण सर्वात खाली; तिथून वर मोजत ६० अंशांची खूण ३.०१ व्या वेढ्यावर. २० ते ७० अंशांत दर दोन कलांना खूण करावी, त्याच्या पलीकडे दर कलेला. हे सगळे आकडे संगणकावरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये निघतात, आणि छापून झाल्यावर संगणकाचे काम संपते.

पाईपचा तुकडा ४५० मिलिमीटरचा घ्या. उन्हात पडून वाकलेला किंवा लंबगोल झालेला नको. परीघ फुटपट्टीने व्यास मोजून काढू नका. कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून, जिथे ती एकमेकीवर येते तिथे सुईने आरपार टोचा आणि पट्टी उलगडून दोन छिद्रांतले अंतर मोजा. त्या मापाला छपाई जुळवा. झेरॉक्स काढू नका. प्रत किंचित लहान-मोठी होते आणि सांधा जुळत नाही. शाईच्या फवाऱ्याचा प्रिंटर नको, पाण्याने शाई पसरते. टोनरवाला घ्या, वरून पातळ वॉर्निशचे दोन हात द्या. सांध्यावर अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर घाबरू नका: दशक दहा वेढ्यांचेच राहते, त्यामुळे ती चूक साठत जात नाही, सांध्याजवळच्या वाचनापुरतीच असते. वेढ्यांची संख्या चुकली मात्र तर नळी टाकून द्यावी लागेल.

साधनाचे भाग तीन, एकावर एक: टॅनच्या पट्टीचा पाईप, कॉसच्या पट्टीची मधली नळी आणि सर्वात वर कर्सर. मधली नळी जाड ड्रॉइंग शीटची. पाईपवर आधी बटर पेपरचा एक वेढा, त्यावर डिंक लावून शीटचे तीन वेढे, वाळल्यावर बटर पेपर काढून टाकायचा. नळी सैलसर फिरते. तिचा परीघ २०७ मिलिमीटरच्या आसपास येईल. तो मोजून कॉसची पट्टी त्या मापाला छापा, कागद आडवा धरून. परीघ वेगळा असला तरी वेढे तेच, दहाचे दशक, आणि वेढ्यांतले अंतरही तेच ६ मिलिमीटर. तिसरा भाग कर्सर: पारदर्शक जाड फिल्मची दीडशे मिलिमीटर लांब नळी, तिच्यावर एकाच उभ्या ओळीत दोन खुणा, १२० मिलिमीटर अंतराने. वरची खूण टॅनच्या पट्टीवर चालते, खालची कॉसच्या. या दोन खुणा नेमक्या ओळीत नसल्या तरी उत्तर बिघडत नाही, कारण लावताना आणि वाचताना तोच फरक येतो आणि कटतो. बिघडते ते कर्सर हिशोबाच्या मध्येच पिळला गेला तर. म्हणून फिल्म जाड हवी आणि तिची दोन्ही टोके कड्याने आवळलेली हवीत.

चालवण्याची रीत अशी. अक्षांश १७° उत्तर, म्हणजे रत्नागिरीच्या समोरचा समुद्र; सूर्याची क्रांती १२° दक्षिण; सकाळ, होराकोन ४०°. वरची खूण टॅनच्या १२° वर आणा. कर्सर न हलवता मधली नळी फिरवून कॉसचा ४०° खालच्या खुणेखाली आणा. आता मधली नळी अंगठ्याने दाबून धरा आणि कर्सर फिरवून खालची खूण कॉसच्या ०° वर न्या. वरची खूण १५° ३०.५′ दाखवेल. लंबांश ७३°, त्यातून हे वजा केले की ५७° २९.५′. दुसरा टप्पा: वरची खूण ४०° वर, मधली नळी ५७° २९.५′ वर, मग खालची खूण १५° ३०.५′ वर नेली की वर दिगंश ५६° २३′. तिसरा: वरची खूण ५७° २९.५′ वर, मधली नळी ०° वर, खालची खूण ५६° २३′ वर. उत्तर ४०° ५८.७′. लंबपादाची उंची ९० अंशांच्या आत असल्याने दिगंश दक्षिणेकडून मोजायचा, म्हणजे उत्तरेकडून १२३° ३७′. ती ९० च्या वर गेली तर १८० तून वजा करून नळीवर घ्यायची आणि दिगंश उत्तरेकडून मोजायचा. दुरुस्त्या करून सेक्स्टंटची उंची ४१° ०४.७′ आली असेल तर फरक सहा कला: अंदाजी जागेपासून सूर्याकडे सहा मैल.

सरावल्यावर याला तीन-चार मिनिटे लागतात. चुका दोनच प्रकारच्या वारंवार होतात. कर्सर फिरवताना मधली नळी नकळत सरकते. सायकलच्या ट्यूबचे पातळ कडे कापून तिच्या खालच्या कडेला बसवले की ती जागा धरते. दुसरी चूक शेजारचा वेढा वाचण्याची. ४५ अंशांच्या बरोबर खाली ५१° ३२′ असते. प्रत्येक वेढ्यावर अंशाचा आकडा ठळक असला आणि सूर्य ढोबळमानाने किती वर आहे हे डोळ्याने पाहिलेले असले तर ही चूक लगेच पकडली जाते. नवी नळी तपासायला क्रांती ३०°, होराकोन ६०° लावा. लंबपादाची क्रांती ४९° ०६.४′ यायलाच हवी.

आता जी गोष्ट आपल्या समुद्रासाठी सर्वात महत्त्वाची आहे, ती. ही नळी इंग्लंडच्या अक्षांशांवर जशी वागते तशी १५ ते २० अंशांवर वागत नाही. आपल्याकडे एप्रिल ते ऑगस्ट सूर्य सकाळभर जवळजवळ ठीक पूर्वेला राहून चढतो. वरच्याच उदाहरणात क्रांती दक्षिणेऐवजी १२° उत्तर घ्या: लंबपादाची उंची ८८° ३०.५′, दिगंश ८८° ०९.३′, आणि सूर्याची उंची ५१° ०१.१′. इथे दिगंश सोयीसाठी ८८° ०९′ असा धरला तर उंची पाच कलांनी चुकते, पाच मैल गेले. लंबपादाची क्रांती मात्र अर्ध्या कलेने चुकीची धरली तरी उत्तर हलत नाही, फक्त तोच आकडा दोन्ही टप्प्यांत वापरलेला हवा. म्हणजे पाळायचा नियम स्पष्ट आहे: दिगंश ८५ अंशांच्या वर असेल तर तो कलेच्या दहाव्या भागापर्यंत वाचा आणि तसाच लावा. नळीवर ते शक्य आहे, कारण ८८ अंशांपाशी एका कलेला जवळजवळ आठ मिलिमीटर जागा असते. दिगंश ८९ च्या पुढे गेला तर पट्टीच संपते. थोडे थांबून पुन्हा उंची घ्या. बायग्रेव्ह नळी उष्ण कटिबंधात चालत नाही असे कोणी म्हणाले तर दोष नळीचा नसतो, आकडा गोल करण्याच्या सवयीचा असतो.

विषुवदिनांच्या आसपास, मार्च आणि सप्टेंबरात सुमारे पाच-पाच दिवस, क्रांती १ अंशाच्या आत असते आणि पट्टी तिथून सुरू होत नाही. तेव्हा पहिला टप्पा कागदावर करा: क्रांतीच्या कलांना होराकोनाच्या कॉसने भागा. क्रांती ४०′ आणि होराकोन ४०° असेल तर ५२.२′. आणि सूर्य अगदी डोक्यावर, ८७ अंशांच्या वर असेल तर कोणत्याच साधनाची गरज नाही. सूर्य ज्या बिंदूच्या माथ्यावर आहे तो नकाशावर मांडून, ९० वजा उंची एवढ्या कलांची त्रिज्या घेऊन कंपासने वर्तुळ काढा. दोन उंचींची दोन वर्तुळे छेदली की काम झाले.

मराठवाड्यात समुद्र नाही, मग इथे हे कशाला, असे कोणी विचारेल. बीड, लातूर, नांदेडची मुले व्यापारी जहाजांवर आणि नौदलात जातात, आणि हा हिशोब शिकायला समुद्र लागत नाही. पैठणच्या नाथसागरावर दोन मीटर उंचीवरून पाहिले तर क्षितिज साडेपाच किलोमीटरवर असते; पलीकडचा काठ त्याहून दूर असेल त्या दिशेला पाण्याची खरी रेघ मिळते, फक्त मागची टेकडी म्हणजे क्षितिज समजू नका. डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती दोन मीटरला २.५ कला, वजा. क्षितिजच नसेल तर परातीत काकवी ओता. पाण्यासारखी ती वाऱ्याने थरथरत नाही आणि सूर्याचे प्रतिबिंब काळसर, स्वच्छ देते. सेक्स्टंटच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या काचा लावल्याशिवाय डोळा लावू नका. आकाशातले बिंब आणि काकवीतले बिंब कडेला कड लावा. मिळणारा कोन दुप्पट असतो. आधी यंत्राची मूळ चूक काढा, मग निम्मे करा, मग वक्रीभवन आणि बिंबाच्या त्रिज्येची सुमारे १६ कला दुरुस्ती द्या. डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती इथे लागत नाही. सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंतच वाचतो, त्यामुळे परातीवर ६० अंशांपलीकडचा सूर्य घेता येत नाही: छत्रपती संभाजीनगरात माध्यान्हीचा सूर्य ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच परातीत येतो. इतर महिन्यांत सकाळ-संध्याकाळ घ्या, आणि नळीचा सराव व्हायला तीच वेळ योग्य. खरे माध्यान्ह इथे घड्याळाच्या १२ वाजता होत नाही. ७५° २०′ रेखांशामुळे सरासरी १२ वाजून २८ मिनिटे ४० सेकंदांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१२ च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४३ च्या आसपास. घड्याळ चार सेकंद चुकले की रेखांश एका कलेने चुकतो, म्हणून घड्याळाची रोजची मागे-पुढे होण्याची चाल वहीत लिहून ठेवावी.

अशी साधने आपल्याला परकी नाहीत. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत फलकयंत्र आहे: रेघा आखलेली आयताकृती फळी, मध्ये खुंटी आणि फिरती पट्टी, सूर्याच्या उंचीवरून वेळ काढण्यासाठी. गोलीय त्रिकोण फळीवर सोडवण्याचीच ती रीत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये ज्या नौकेतून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत पूर्ण करून परतले, ती सागवानी ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली होती. त्याच शर्यतीच्या स्मरणार्थ होणाऱ्या, जीपीएसला मनाई असलेल्या स्पर्धेत भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२३ मध्ये दुसरे आले.

आमची विनंती शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांना आहे. विज्ञान प्रदर्शनात यंदा ही नळी मुलांकडून करून घ्या, पण तयार पट्टी छापून चिकटवायला देऊ नका. खुणांची जागा त्यांनाच काढू द्या, ३५ वेढे त्यांनाच मोजू द्या. परीक्षकांनी नळीचा रंग न पाहता ३०° आणि ६०° लावून बघावे आणि मग वरचे ८८ अंशांचे उदाहरण द्यावे. ज्या मुलाची नळी ५१° ०१′ च्या दोन कला इकडेतिकडे उत्तर देईल, त्याने ती नीट बनवली आहे.

आपले,
खगोल आणि नौकानयन-गणिताचे काही अभ्यासक,
छत्रपती संभाजीनगर